खांद्यावर हात पडेपर्यंत

आमच्या गल्लीच्या टोकाला पूर्वी पत्र्याचे डबे बनवणारी फॅक्टरी होती. बिस्किटांचे, चहाचे, कोकोचे डबे. आम्ही नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये घर घेतलं तेव्हा ती बंद होऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिच्या मुख्य इमारतीत फ्लॅट निघत होते. उंच छत, काळ्या चौकटींच्या खिडक्या, तळमजल्यावर कॉफीचं दुकान. आमचं घर त्या फॅक्टरीच्या कामगारांसाठी बांधलेल्या विटांच्या रांगेतलं. खाली एक खोली, वर दोन, मागे सायकलींची शेड. घर दाखवणारा एजंट 'अस्सल कामगारांचं घर' असं तीनदा म्हणाला, जणू त्याचे वेगळे पैसे पडतात. माझे वडील भांडुपला केबल कंपनीत कामगार होते, त्यामुळे मला त्याचं अप्रूप नव्हतं. मी नळाला पाणी किती जोरात येतं ते बघितलं आणि जिना बघितला.

जिना फार उभा आहे. तरी घर घेतलं, कारण स्टेशन सायकलने सात मिनिटांवर आहे.

शेजारच्या घरात एक बाई राहतात. वय सत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, उजव्या हाताच्या बोटांवर पत्र्याची कड लागून झालेले पांढरे वण. सोळाव्या वर्षी त्या फॅक्टरीत लागल्या आणि ती बंद होईपर्यंत डब्यांची झाकणं दाबायच्या प्रेसवर होत्या. शेवटची काही वर्षं त्या लाइनच्या मुकादम. पहिल्याच आठवड्यात माझ्या मुलीने त्यांना 'ओमा' म्हणून हाक मारली, इथे आजीला म्हणतात तसं. त्या म्हणाल्या, "मी कुणाची ओमा नाही. मी झाकणांवर होते." नवऱ्याने घरातल्या घरात त्यांचं नाव मुकादमबाई ठेवलं, ते चिकटलं.

फ्लॅट तयार झाल्यावर बिल्डरने जुन्या शेजाऱ्यांना इमारत बघायला बोलावलं होतं. लॉबीत एक जुनी प्रेस शोभेसाठी ठेवलेली होती, काळा रंग दिलेली, वर कुंडी. मुकादमबाई तिच्याभोवती एक चक्कर मारून आल्या. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी वगैरे. त्या म्हणाल्या, "पुढचा गार्ड काढून ठेवलाय मूर्खांनी. चालू असती तर पहिल्याच दिवशी एकाचा हात गेला असता." आणि फुकट मिळणारा केक घेऊन त्या घरी आल्या.

फॅक्टरी बंद झाल्यावर गल्लीतली माणसं पांगली. काही जण बाडहूव्हडॉर्पला, विमानतळाच्या गोदामांत लागले. मुकादमबाईंनी इस्पितळात साफसफाई केली. पांगली नाही ती एकच गोष्ट, फॅक्टरीचं कॅन्टीन. आवारातली एकमजली, सपाट छपराची इमारत. ती नगरपालिकेच्या ताब्यात आली होती आणि मुकादमबाई व आणखी सात-आठ जण ती चालवत होते. सोमवार ते शुक्रवार, अकरा ते चार. बाराला सूप आणि ब्रेड. नगरपालिकेची पत्रं ज्यांना कळत नाहीत त्यांना वाचून दाखवायची, सायकलची चेन बसवून द्यायची, कोण दोन दिवस दिसलं नाही ते बघायला जायचं. 'समाजकार्य' हा शब्द तिथे मी कधी ऐकला नाही. म्हणायचं ते एवढंच, "आज कॅन्टीनवर कोण आहे?"

मी सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. इथल्या अनेक आयांसारखी आठवड्यातून चार दिवस काम करते, शुक्रवारी सुट्टी. एका शुक्रवारी मी कॅन्टीनवर गेले आणि विचारलं, काही मदत हवी का. मुकादमबाईंनी मला कांदे दिले. सहा महिने मी कांदेच चिरले. मग त्यांच्यापैकी एक बाई मुलीकडे राहायला गेली आणि शुक्रवार माझ्याकडे आला. मी सूप म्हणून मसुराची डाळ करायचे, लसूण आणि जिऱ्याची फोडणी देऊन. पहिल्या दिवशी मोहरीही घातली होती, तर मुकादमबाईंनी दातातून एक मोहरी काढून बशीच्या कडेला ठेवली आणि विचारलं, "हे छर्रे कशासाठी?" तेव्हापासून मोहरी बंद.

कॅन्टीनला एक पद्धत होती. पाळीवरच्या माणसाने चारच्या आत जागा सोडायची नाही, जोवर पुढचा माणूस येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवत नाही. पहिल्यांदा मला हे नाटकी वाटलं. मुकादमबाईंनी कारण सांगितलं. प्रेसचा आवाज एवढा असायचा की हाक ऐकू यायची नाही, आणि मान वळवली तर बोटं जायची. म्हणून पाळी बदलताना पुढची बाई मागून येऊन खांद्यावर हात ठेवायची. हात पडला की सरकायचं. नाही पडला तर भोंगा होऊन गेला तरी उभं राहायचं.

किल्लीचंही तसंच. चार वाजता कुलूप लावणाऱ्याने किल्ली दुसऱ्या दिवशीच्या माणसाच्या घरी नेऊन हातात द्यायची. पत्रपेटीत टाकलेली चालायची नाही, कुंडीखाली ठेवलेली चालायची नाही. माणूस बघायचा, मग किल्ली द्यायची. पावसात, वाऱ्यात, गुडघेदुखीत, रोज संध्याकाळी कुणीतरी कुणाच्या तरी दाराची बेल वाजवत असायचं.

मग नगरपालिकेचं पत्र आलं. आवारातल्या उरलेल्या जागेचा निर्णय व्हायचा होता. बिल्डरला कॅन्टीनच्या जागी फ्लॅटवाल्यांसाठी व्यायामशाळा हवी होती. नगरपालिकेने अट घातली: वर्षअखेरपर्यंत कॅन्टीन कामाच्या प्रत्येक दिवशी, ठरलेल्या वेळात उघडं राहिलं, तर रहिवाशांशी लांब मुदतीचा करार. नाहीतर जागा बिल्डरला. बघायला एक अधिकारी बाई येतील, न सांगता.

मुकादमबाईंचा मुलगा दक्षिणेला ब्रेडा शहरात राहतो. त्याने आईसाठी त्याच्याच इमारतीत एक फ्लॅट हेरून ठेवला होता. पत्र आलं त्या आठवड्यात तो येऊन गेला. तो गेल्यावर मुकादमबाई मला म्हणाल्या, "तिथली लिफ्ट बोलते. 'दुसरा मजला' म्हणते. मला ठाऊक आहे दुसरा मजला कुठे असतो."

"मग नका जाऊ," मी म्हणाले.

"कॅन्टीन राहिलं तर नाही जाणार. नाही राहिलं तर इथे बसून काय करू, जिना चढू?"

त्यांनी हे बटाटे सोलतासोलता सांगितलं, पण ते खरं होतं. गल्लीतली जुनी माणसं त्यांना कॅन्टीनवर भेटायची. घरी कुणी कुणाकडे फारसं जात नाही.

इथे मी मदत केली. म्हणजे तेव्हा मला ती मदत वाटली. वर्षअखेरपर्यंत एकही दिवस चुकायचा नाही, आणि सगळी व्यवस्था आठ म्हाताऱ्या माणसांच्या बेल वाजवण्यावर. माझ्या कामात याला धोका म्हणतात. मी फोनवर चालणारं पाळीपत्रक तयार केलं. येणार असाल तर हिरवी खूण, नसाल तर लाल, लाल झाली की सगळ्यांना आपोआप निरोप. दाराशेजारी आकडे फिरवून उघडणारी किल्लीची पेटी लावली. एका शनिवारी सगळ्यांना बसवून शिकवलं. माझ्या मुलीने ते बघितलं आणि डचमध्ये म्हणाली की आईने सूपचंही प्रोजेक्ट केलं. ती मराठीत ऐकते आणि टोमणे डचमध्ये मारते.

मुकादमबाईंनी शेवटी एकच विचारलं. "आणि माणूस?"

"माणसाचं काय?"

"माणूस कोण बघणार?"

"बघायची गरज नाही," मी म्हणाले. "हिरवी खूण येते ना."

त्या गप्प बसल्या. मी तो होकार समजले. इतकी वर्षं मीटिंगा घेऊन गप्प बसण्याचा अर्थ मला कळायला हवा होता.

सात आठवडे सगळं नीट चाललं. लोक मला शाबासकी देत होते. मग नोव्हेंबरमधला एक मंगळवार. मंगळवार ट्रकवाल्या काकांचा. हे तुर्की गृहस्थ, वडिलांबरोबर लहानपणी इथे आले, पुढे फॅक्टरीचा ट्रक चालवायचे. साठीचे आहेत, आवाज ट्रकसारखाच. त्यांना काका म्हणायला माझ्या मुलीने सुरुवात केली, आणि 'काका' म्हणजे काय हे कळल्यावर त्यांनी तिला ईदला पैसे द्यायला सुरुवात केली. त्या सकाळी त्यांच्या भावाच्या छातीत दुखायला लागलं. ते त्याला घेऊन इस्पितळात गेले आणि तिथून त्यांनी फोनवर इमानेइतबारे लाल खूण केली, मी शिकवली होती तशी.

निरोप सगळ्यांना गेला. बहुतेकांनी वाचला. मीही वाचला, नऊ वाजून दहा मिनिटांनी, ऑफिसच्या मीटिंगमध्ये. खाली दिसत होतं की आणखी चौघांनी वाचलाय. मला वाटलं, चौघांपैकी कुणीतरी जाईल. त्या चौघांनाही तसंच वाटलं. मुकादमबाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या आणि त्यांचा फोन नेहमीप्रमाणे चमच्यांच्या खणात होता.

बाराला अधिकारी बाई आल्या. दाराला कुलूप. छपराच्या कडेखाली सहा माणसं पावसात उभी. किल्ली हाताच्या अंतरावर पेटीत होती आणि आकडे त्या सहांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते. अधिकारी बाईंनी दाराचा फोटो काढला, वेळ लिहिली आणि गेल्या. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना जे बघायला पाठवलं होतं ते त्यांनी बघितलं.

मी संध्याकाळी सहाला मुकादमबाईंकडे गेले. सहा म्हणजे इथे जेवायची वेळ, त्या वेळी कुणाच्या दारात उभं राहायचं नाही हे मला ठाऊक आहे. तरी गेले. त्या बटाटे आणि फरसबी खात होत्या.

"माझी चूक झाली," मी म्हणाले.

"हो. बस. बटाटे आहेत."

मी बसले. बटाटे घेतले. काहीतरी बोलायचं म्हणून मी वडिलांबद्दल सांगितलं. त्यांच्या कंपनीत पुढच्या पाळीच्या माणसाला रिलीव्हर म्हणायचे. रिलीव्हर आला नाही तर बाबांना मशीन सोडता यायचं नाही, मग डबल ड्युटी. दुपारी साडेतीनला येणारा माणूस रात्री यायचा. शाळेच्या गॅदरिंगला माझा नाच होता, तेव्हाही रिलीव्हर आला नव्हता. आई चिडायची. बाबा म्हणायचे, मशीन चालू सोडून येऊ का? पुढे ती कंपनी बंद पडली आणि त्या जागी टॉवर आले. बाबा वारले तेव्हा त्यांचे रिलीव्हर, तेही म्हातारे, डोंबिवलीहून सगळ्यांत आधी आले होते.

मुकादमबाईंनी काटा खाली ठेवला. "म्हणजे तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

मला अगदी लहानपणापासून माहीत होतं. फोनवर लाल खूण करून बाबांचा रिलीव्हर मोकळा झाला असता, मशीन मात्र तसंच चालू राहिलं असतं. जुन्या पद्धतीने सोमवारी संध्याकाळी कुणीतरी काकांच्या दारात गेलं असतं. भाऊ आदल्या दिवसापासूनच अस्वस्थ होता, ते तिथेच कळलं असतं. आणि मंगळवारी सकाळी निघताना काकांना ती किल्ली कुणाच्या तरी हातात द्यावीच लागली असती, खिशात ठेवून ते इस्पितळात गेले नसते. बेल वाजवण्यात वेळ फुकट जातो असं मला वाटत होतं. त्या वेळात ही माणसं एकमेकांवर नजर टाकत होती.

"आता?" मी विचारलं.

"आता तुझ्याकडे स्क्रू-ड्रायव्हर आहे का?"

दहा दिवसांनी आम्हाला नगरपालिकेत बोलावलं. मुकादमबाई, काका आणि मी. काकांचा भाऊ तोवर घरी आला होता. मी माझी चूक सांगितली, कुणावर न ढकलता. अधिकारी बाईंनी विचारलं, आता काय बदललंत? मुकादमबाईंनी पिशवीतून किल्लीची पेटी काढून टेबलावर ठेवली. स्क्रू त्यात होते.

"ही तुम्ही ठेवा. आम्हाला नको."

"मग तुमची पद्धत काय?" अधिकारी बाई म्हणाल्या. "लेखी काही आहे?"

मुकादमबाईंनी खांद्यावरच्या हाताबद्दल सांगितलं. चार वाक्यांत, मला सांगितलं होतं तेवढंच. मग म्हणाल्या, "मी होते तोवर आमच्या लाइनवर एकही प्रेस माणसावाचून राहिली नाही. लिहून कुणी ठेवलं नव्हतं."

"त्या मंगळवारी काय झालं मग?"

"त्या दिवशी लिहून ठेवलं होतं," काका म्हणाले.

अधिकारी बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी लिहायचं थांबवलं. निर्णय त्यांच्या हातात नव्हता, असं त्या म्हणाल्या. मुदत वसंतापर्यंत वाढवून मिळेल. त्या परत येतील, कधी ते सांगणार नाहीत.

तो हिवाळा मी बेल वाजवत काढला. गुरुवारी संध्याकाळी माझ्या दारात कुणीतरी यायचं, शुक्रवारी मी मुकादमबाईंच्या दारात जायचे, सोमवार त्यांचा. बेल वाजवायला मिनिट लागतं, पण दारात उभं राहून दहा मिनिटं जातात. कुणाचं औषध बदललंय, कुणाच्या घरात हीटर बंद आहे, फ्लॅटमधलं ते तरुण जोडपं सूप प्यायला यायला लाजतंय, त्यांना कुणीतरी बोलवा. ते जोडपं आता बुधवार सांभाळतं. त्यातल्या मुलाने एकदा विचारलं होतं की या जागेची मूळ कल्पना काय. मुकादमबाई म्हणाल्या, "सूप."

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी माझी बहीण मुंबईहून येणार होती. विमान तीनला. काकांशी आधीच ठरवलं होतं, मशिदीत नमाज पढून ते दोनला येतील, मी बस पकडून स्किपोल विमानतळावर जाईन. पावणेदोनला दार उघडलं. मी मान वळवून बघितलं. अधिकारी बाई. त्यांनी वाटीभर डाळ घेतली, पाव घेतला आणि खिडकीपाशी बसल्या.

दोन वाजले. काका नाहीत. सव्वादोन. फोन लागेना. हॉलमध्ये नऊ-दहा माणसं होती, त्यातल्या कुणालाही मी "जरा बघा हो" म्हणू शकले असते. फ्लॅटमधल्या त्या जोडप्यातली मुलगीही होती. पण तिची पाळी नव्हती, आणि गॅसवर दुसरं पातेलं होतं. अडीचला मी बहिणीला निरोप पाठवला की मला उशीर होईल, बाहेर आलीस की कॉफी घेऊन बस, रिलीव्हर आला नाहीये. खिडकीपाशी अधिकारी बाईंनी दुसऱ्यांदा पाव घेतला. मी एकदाही त्यांच्याकडे बघून हसले नाही. हसले असते तर दाखवण्यासाठी थांबलेय असं झालं असतं. आणि खरं सांगायचं तर मी वैतागले होते.

सव्वातीनला माझ्या डाव्या खांद्यावर हात पडला. ग्रीसने काळा झालेला, माझ्या कपड्यांवर पाच बोटं उमटवणारा. "पुलावर चेन तुटली," काका म्हणाले. "चालत आलो. फोन घरी. जा तू."

मी एप्रन काढला. अधिकारी बाई तोवर आपली वाटी स्वतः धुऊन, पुसून, उलटी ठेवून निघून गेल्या होत्या. फोनवर बहिणीचा निरोप होता: "अगदी बाबांवर गेलीस. मी टॅक्सी करते."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. दहा वर्षांचा करार. मुकादमबाईंनी ते उभ्यानेच दोनदा वाचलं, घडी घालून चमच्यांच्या खणात फोनशेजारी ठेवलं, मग त्याच खणातून फोन काढून मुलाला लावला. "मी येत नाही," त्या म्हणाल्या. "लिफ्टला तसं सांग." पलीकडून तो बराच वेळ काहीतरी बोलत होता. त्यांनी फोन कानापासून जरा लांब धरला आणि मला खुणेने सांगितलं, पातेल्याकडे बघ, तळाला लागतंय.